यंत्र आले, दफ्तरदार कुठे आहे?

‘कोतवाल बुकाची नक्कल’ हे शब्द कधी कानांवर पडले नाहीत, असे घर पूर्व विदर्भात सापडणे कठीण. गावात कोण जन्मले, कोण वारले, बापाचे नाव काय, जात कोणती, याची नोंद ज्या वहीत होत असे आणि जी वही गावच्या कोतवालाकडे असे, तिला लोकांनी दिलेले हे साधे नाव. मुलाला उच्च शिक्षणासाठी जातवैधता प्रमाणपत्र हवे झाले की भंडारा, तुमसर, साकोली, पवनी येथील पालक या वहीच्या एका पानासाठी कचेरीचे उंबरठे झिजवू लागतात. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गीयांसाठी १३ ऑक्टोबर १९६७, या तारखांच्या आधीचा कागद आणा, असे त्यांना सांगितले जाते. ज्यांनी शाळेत इतिहासाच्या सनावळ्या पाठ केल्या नाहीत, त्यांना या तारखा मात्र पाठ झाल्या आहेत. जुना कागद ही विद्वानांची हौस आहे, असे अजूनही मानणाऱ्यांनी एक दिवस तहसील कचेरीच्या ओसरीवर बसून पाहावे.

जुन्या दस्तऐवजांच्या प्रश्नावर आज सर्वत्र एकच तोडगा सुचविला जातो: सगळे स्कॅन करा, संगणकावर चढवा, म्हणजे चिंता मिटली. शासकीय कचेऱ्यांत हे बोलले जाते, ग्रंथालयांच्या सभांत बोलले जाते आणि आता आपल्या धर्मग्रामांच्या बैठकांतही बोलले जाऊ लागले आहे. या तोडग्याला प्रस्तुत लेखकाचा विरोध आहे. यंत्राला विरोध नाही. यंत्र आले की काम संपले, या समजुतीला विरोध आहे. यंत्र विकत घेता येते. दफ्तर ओळखणारा, लावणारा, वाचणारा आणि राखणारा माणूस विकत मिळत नाही. तो घडवावा लागतो. तो न घडविता केलेले डिजिटायझेशन म्हणजे कुलूप नसलेल्या पेटीत सोने ठेवून पेटीचे छायाचित्र भिंतीवर लावण्यासारखे आहे.

प्रथम आपल्या जिल्ह्याच्या कागदांचा विचार करू. भंडारा हा तलावांचा जिल्हा. कोहळी समाजाने आणि गावोगावच्या मालगुजारांनी बांधलेले हे तलाव आज ‘मामा तलाव’ म्हणून ओळखले जातात. हा ‘मामा’ म्हणजे आईचा भाऊ नव्हे, ‘माजी मालगुजारी’चा संक्षेप. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले. परंतु गावाचे हक्क बुडाले नाहीत. गुरे कोठे चरावीत, सरपण कोठून आणावे, वहिवाटीची वाट कोणती, तलावाच्या पाण्यावर आणि मासेमारीवर कोणाचा कोणता अधिकार, हे सारे निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज या गावदस्तऐवजांत नोंदलेले असते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये कलम १६१ आणि कलम १६५ या दोन्हींना मान्यता देतात. ज्या गावात हे कागद कोणाला तरी वाचता येतात, ते गाव आपले पाणी मागू शकते. जेथे वाचता येत नाहीत, तेथे ठेकेदार जे सांगेल ते खरे ठरते.

या कागदांचा प्रवासही साधा नाही. भोसल्यांचे नागपूरचे राज्य १८५४ मध्ये खालसा झाले. १८६१ मध्ये मध्य प्रांत निर्माण झाला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भंडारा मध्य प्रदेशातून निघून द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला आणि १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा त्यातून वेगळा झाला. राज्य बदलले की कचेरी बदलते, कचेरी बदलली की कागद हलतो. एकाच गावाचा इतिहास शोधणाऱ्याला भंडारा, गोंदिया, नागपूरचे पुराभिलेखागार आणि मुंबई अशी पायपीट करावी लागते. छापील बंदोबस्त अहवालांसाठी तर लंडनच्या ब्रिटिश ग्रंथालयापर्यंत नजर टाकावी लागते. शिवाय लिपी आणि भाषा निरनिराळ्या: भोसलेकालीन मोडी, फारसी शब्दांनी भरलेली कचेरीची बोली, इंग्रजी, हिंदी आणि शेवटी मराठी. स्कॅनर या सर्वांची सारखीच उत्तम प्रतिमा काढतो आणि यांतील एकही अक्षर वाचत नाही.

वनहक्क कायद्याने तर हा प्रश्न अधिकच निकडीचा केला आहे. २००६ च्या या कायद्यानुसार आदिवासी नसलेल्या पारंपरिक वननिवाशाला १३ डिसेंबर २००५ पूर्वी तीन पिढ्यांचे, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचे वास्तव्य सिद्ध करावे लागते. याचा सरळ अर्थ १९३० पूर्वीचा पुरावा. २००८ च्या नियमांतील तेराव्या नियमात कोणते पुरावे ग्राह्य, त्याची यादी आहे: गॅझेटियर, जनगणना, बंदोबस्ताचे अहवाल, नकाशे, हक्कनोंदी, वंशावळ आणि गावातील वृद्धांचे लेखी उतरवून घेतलेले कथन. वाचकांनी ही यादी पुन्हा वाचावी. यात नुसता कागद नाही, म्हाताऱ्या माणसाची आठवणसुद्धा आहे. अट एवढीच की ती नीट लिहून घेतलेली असावी. नीट लिहून घेणे हे शास्त्र आहे. ते कोण शिकविणार?

आता आपल्या घरात डोकावू. ट्रेंट येथील विश्वपरिषदेने १५६३ मध्ये बाप्तिस्मा आणि विवाह यांच्या नोंदवह्या ठेवण्याचा आदेश दिला. १६१४ च्या रोमन विधिग्रंथाने त्यांत दृढीकरण, मृत्यू आणि धर्मग्रामातील कुटुंबांची स्थिती यांच्या वह्यांची भर घातली. जगातील बहुतेक सरकारांनी जन्ममृत्यूची नोंद सुरू करण्याच्या कितीतरी आधी ख्रिस्तसभेने सामान्य माणसाचे नाव कागदावर आणले. राजाचे नव्हे, सामान्य माणसाचे. हे लक्षात घ्यावे. नागपूर धर्मप्रांत १८८७ मध्ये स्थापन झाला आणि १९५३ मध्ये महाधर्मप्रांत झाला. भंडारा जिल्हा त्याच्याच कक्षेत येतो. अशा धर्मप्रांतातील जुन्या वहीत बाप्तिस्म्याच्या एका ओळीत बालकाचे नाव, जन्मतारीख, आईवडिलांची नावे, धर्ममातापित्यांची नावे, बहुधा गाव आणि खाली धर्मगुरूंची सही असते. ज्या शेतमजुराच्या नावावर जमीन नव्हती, म्हणून ज्याचे नाव सातबाऱ्यावर कधी चढले नाही, त्याच्या अस्तित्वाचा एकमेव लेखी पुरावा ही एक ओळ असू शकते. अशी ओळ पुसली गेली तर तो माणूस दुसऱ्यांदा मरतो.

‘मग लवकर स्कॅन करा, वाट कसली पाहता?’ असा प्रश्न येथे येतो. त्याचे उत्तर तीन मुद्द्यांत देता येईल.

पहिला मुद्दा मांडणीचा. कागद कोणत्या बस्त्यातून आला, त्याच्या आधी कोणता आणि नंतर कोणता, तो कोणी, कोणत्या कामासाठी लिहिला, ही माहिती कागदाइतकीच मोलाची असते. दफ्तरशास्त्राचा पहिला नियमच असा आहे की निरनिराळ्या उगमांचे कागद एकत्र कालवू नयेत आणि मूळ क्रम मोडू नये. अशिक्षित हाताने स्कॅनिंग केले की बस्ते सुटतात, पाने विस्कटतात, आणि संगणकात उरतात ती क्रमांक लागलेली हजारो छायाचित्रे, ज्यांना नाव नाही, गाव नाही. अशा हजार चित्रांत एक पणजोबा शोधणे हे मूळ वही चाळण्याहून कठीण. वहीला निदान पाठपोट असते!

दुसरा मुद्दा वाचनाचा. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि मराठवाड्यातून सुरू झालेला कुणबी नोंदींचा शोध पुढे राज्यभर पसरला. तेव्हा काय दिसले? कागद होते, यंत्रे होती, आदेश होते; अडले ते मोडी वाचणाऱ्यांवाचून. जी लिपी शाळांतून काढून टाकली, तिचे जाणकार गावोगाव हुडकण्याची वेळ आली. आरक्षणाच्या वादात कोणाची बाजू खरी, हा येथे विषय नाही. विषय एवढाच की ज्या दिवशी समाजाला आपल्या कागदाची गरज पडली, त्या दिवशी कागद वाचणारा माणूस दुर्मिळ झालेला होता. आपल्या धर्मग्रामांतील जुन्या लॅटिन नोंदींची स्थिती याहून वेगळी आहे काय? ‘पात्रिनी’ म्हणजे धर्ममातापिता आणि ‘नातुस’ म्हणजे जन्मलेला, एवढे दहा-बारा शब्द आणि महिन्यांची नावे कळली तरी जुन्या वहीचे निम्मे कोडे सुटते. हे दहा-बारा शब्द आपल्यापैकी किती जणांना येतात?

तिसरा मुद्दा टिकाऊपणाचा, आणि येथेच सर्वांत मोठा भ्रम आहे. संगणकात घातले की अमर झाले, असे लोक समजतात. इंग्लंडमध्ये १०८६ साली झालेली जमीनजुमल्याची नोंद ‘डोम्सडे बुक’ या नावाने चामड्यावर लिहिलेली आहे आणि ती आजही वाचता येते. तिच्या नवशे वर्षांच्या निमित्ताने १९८६ मध्ये बी. बी. सी. ने एक नवा संगणकीय डोम्सडे तयार केला आणि तो त्या काळातील अत्याधुनिक लेसर तबकड्यांवर साठविला. पंधरा-सोळा वर्षांत त्या तबकड्या वाचणारी यंत्रे इतकी दुर्मिळ झाली की तज्ज्ञांना तो मजकूर सोडविण्यासाठी खास खटपट करावी लागली. नवशे वर्षांचे चामडे शाबूत, आणि पंधरा वर्षांची तबकडी मुकी! दूर कशाला जावे? १९९० च्या दशकात मराठी नियतकालिके संगणकावर जुळविली जाऊ लागली. प्रत्येक मुद्रणालयाचा टंक निराळा, सांकेतिक पद्धत निराळी, आणि साठवण फ्लॉपीवर. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये आली, तरी मराठी छपाईच्या जगात तिला रुळायला पुष्कळ काळ लागला. त्या फ्लॉप्या आज कोणी उघडून दाखवाव्यात. अंक वाचायचा असेल तर आपण छापील प्रतीकडेच वळतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये लंडनच्या ब्रिटिश ग्रंथालयावर सायबर हल्ला झाला आणि त्याच्या संगणकीय सेवा महिनोन्‌महिने विस्कळीत राहिल्या. जेथे तज्ज्ञांची फौज आहे तेथे ही अवस्था. मग कपाटातल्या एकुलत्या एका पेन ड्राइव्हच्या भरवशावर आपण किती निश्चिंत राहावे?

याचा अर्थ कागदच सुरक्षित, असे मुळीच नव्हे. २१ जून २०१२ रोजी मुंबईत मंत्रालयाला आग लागली आणि फायलींची राख झाली. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेच्या महापुराने भंडारा शहराच्या वस्त्यांत पाणी शिरले. आग, पूर, वाळवी आणि कसर यांना वहीतील नावाची कदर नसते. म्हणून प्रत हवीच, आणि ती एक नव्हे, अनेक हव्यात, निरनिराळ्या ठिकाणी हव्यात. आपल्या साहित्याचा इतिहासच याची साक्ष देतो. फादर स्टीफन्स यांचे क्रिस्तपुराण १६१६ मध्ये गोव्यात रायतूर येथे छापले गेले; १६४९ आणि १६५४ मध्ये पुन्हा छापले गेले. या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज कोठे असल्याचे ज्ञात नाही. ग्रंथ वाचला तो हस्तलिखित नकलांमुळे, भाविक कुटुंबांनी आणि देवळांनी उतरवून जपलेल्या पोथ्यांमुळे. देवनागरीतील एक पोथी लंडनच्या मार्सडेन संग्रहात सापडली; मंगळूर येथे १९०७ मध्ये सालढाणा यांनी जी आवृत्ती काढली, तीही हस्तलिखितांवरूनच. छापखाना हे त्या युगाचे आधुनिक यंत्र होते. यंत्राने ग्रंथ पसरविला खरा, पण तो राखला माणसांनी. आणि ती माणसे अक्षर वाचणारी, अर्थ जाणणारी आणि ग्रंथावर प्रेम करणारी होती.

माणूस घडविण्याचा हा विचार नवा नाही. तो आपल्याच परंपरेतला आहे. पोप लिओ तेरावे यांनी १८८१ मध्ये व्हॅटिकनचे गुप्त दफ्तर संशोधकांना खुले केले. दार उघडून ते स्वस्थ बसले नाहीत. तीन वर्षांत, १८८४ मध्ये, त्यांनी त्याच दफ्तराला जोडून जुनी लिपी वाचण्याची आणि दस्तऐवज पारखण्याची शाळा काढली. ती आजही चालू आहे. दार आणि शाळा यांची ही जोडी हाच प्रस्तुत लेखाचा मुद्दा आहे. १९८३ च्या धर्मसंहितेतील नियम ५३५ सांगतो की प्रत्येक धर्मग्रामाचे स्वतःचे दफ्तर असावे, जुन्या वह्यासुद्धा काळजीपूर्वक जपाव्यात, बिशपांनी किंवा त्यांच्या प्रतिनिधीने भेटीच्या वेळी त्यांची पाहणी करावी आणि त्या परक्यांच्या हाती जाऊ देऊ नयेत. नियम ४९१ सांगतो की दफ्तराची यादी दोन प्रतींत करावी. एक धर्मग्रामात, दुसरी धर्मप्रांताच्या दफ्तरात. २ फेब्रुवारी १९९७ रोजी ख्रिस्तसभेच्या सांस्कृतिक वारशासाठी नेमलेल्या रोमच्या आयोगाने एक स्वतंत्र परिपत्रक काढून दफ्तर राखणे हे मेंढपाळपणाचेच कार्य असल्याचे सांगितले. नियम आहे, परिपत्रक आहे. प्रश्न एवढाच की नियम पाळण्याचे कौशल्य आपण कोणाला शिकविले आहे?

देशात प्रशिक्षणाची सोयच नाही, असे म्हणता येणार नाही. राष्ट्रीय अभिलेखागाराचे दिल्लीतील विद्यालय एक वर्षाची पदविका देते आणि अल्पमुदतीचे वर्गही घेते. त्याच अभिलेखागाराचे ‘अभिलेख पटल’ हे संकेतस्थळ २०१५ पासून लाखो पृष्ठे घरबसल्या दाखवीत आहे. महाराष्ट्र शासनाने जिल्हा गॅझेटियर संगणकावर उपलब्ध केली आहेत आणि जुन्या भूमी अभिलेखांचे स्कॅनिंगही हाती घेतले आहे. या कामांचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु साकोलीच्या निवृत्त शिक्षिकेने, लाखांदूरच्या ग्रामपंचायतीतील कर्मचाऱ्याने किंवा धर्मग्रामाच्या कार्यालयात वहीवर बसणाऱ्या लिपिकाने वर्षभरासाठी दिल्लीस जावे, ही अपेक्षा व्यवहार्य आहे काय? शिवाय त्यांना हवे आहे ते मराठीतून, आपल्याच कागदांवर, आपल्याच वाळवीशी झुंजत दिलेले शिक्षण. मोठ्या शहरांतील तज्ज्ञांनी उन्हाळ्यात यावे, पेट्या भरून चित्रे न्यावीत आणि गावाला एक आभारपत्र द्यावे, ही रीत आता बंद झाली पाहिजे. गावाच्या कागदाची प्रत गावात राहिली पाहिजे आणि ती उघडण्याची किल्ली गावच्या माणसाच्या डोक्यात असली पाहिजे.

यावर घेतले जाणारे आक्षेप टाळून चालणार नाही. पहिला आक्षेप गरिबीचा. ‘जेथे धानाला भाव नाही, तरुणांना काम नाही, तेथे जुन्या कागदांचे चोचले कशाला?’ वस्तुतः श्रीमंताला कागदाची गरज कमी असते. त्याच्याजवळ वकील असतो, ओळख असते, जमीन असते. कागद ही गरिबाची ओळख आहे. तलावाचा हक्क, जंगलाचा हक्क, शिष्यवृत्तीचा हक्क, यांतील प्रत्येकाच्या दारावर एक जुना कागद उभा आहे. दफ्तर हा चोचला नाही, तो शिधा आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि त्यात तथ्य आहे. बाप्तिस्म्याची वही उघड्यावर आली तर कोणाच्या जन्माची, विवाहाची, धर्मांतराची खाजगी बाब चव्हाट्यावर येईल, ही भीती अनेक कुटुंबांच्या मनात आहे. आजच्या वातावरणात ती निराधार म्हणता येणार नाही. पण नेमके याचसाठी प्रशिक्षण हवे. भ्रमणध्वनीवर पानाचे छायाचित्र काढून ते व्हॉट्सअ‍ॅपच्या गटात टाकणारा उत्साही तरुण आणि वही कुलपात ठेवून ‘नाही’ म्हणणारा कारकून, दोघेही अप्रशिक्षित आहेत. शिकलेला दफ्तरदार जाणतो की प्रत काढणे वेगळे आणि प्रसिद्ध करणे वेगळे. जिवंत माणसांच्या नोंदी बंद राहाव्यात, ठरावीक वर्षे लोटल्यावरच जुन्या नोंदी अभ्यासकांस दाखवाव्यात, कोणी काय पाहिले याची वही असावी, हे नियम तो घालू शकतो आणि पाळू शकतो. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा देशाने २०२३ मध्ये केला. आपली धर्मसंहिता तर त्याआधी चाळीस वर्षांपासून ‘परक्यांच्या हाती देऊ नका’ म्हणत आहे.

तिसरा आक्षेप असा की हल्लीच्या मुलांना संगणक शिकवावा लागत नाही. संगणक कदाचित शिकवावा लागत नसेल. दफ्तर शिकवावे लागते. बोट चालणे आणि बुद्धी चालणे यांत अंतर आहे.

मग काय करावे? मोठ्या इमारतीची, मोठ्या अनुदानाची वाट पाहू नये. भंडारा जिल्ह्यात एखाद्या शाळेच्या दोन खोल्यांत, उन्हाळ्याच्या सुटीत, दहा दिवसांचा मराठी वर्ग घेता येईल. त्यात धर्मग्रामाचे लिपिक असावेत, तसेच ग्रामपंचायतीचे, मच्छीमार संस्थांचे आणि शाळांचे लोकही असावेत. कारण दाखल-खारीज रजिस्टर, निस्तार पत्रक आणि बाप्तिस्मा वही ही एकाच गावाची तीन तोंडे आहेत. पहिले दोन दिवस एकही यंत्र उघडू नये. फक्त यादी करावी. कोणती वही, किती पाने, कोणते वर्ष, कोणती लिपी, कितपत जीर्ण. नंतर धूळ झटकणे, वाळवी व ओल यांपासून बचाव, चिकटपट्टी कधीही न लावणे. मग लिपी: मोडीची तोंडओळख, लॅटिनचे ते दहा-बारा शब्द, कचेरीची फारसी परिभाषा. त्यानंतरच छायाचित्रण: प्रकाश सम कसा ठेवावा, पानाच्या कडा कशा येऊ द्याव्यात, मूळ प्रतिमा न दाबता पूर्ण स्वरूपात कशी साठवावी आणि वापरासाठी लहान प्रत वेगळी कशी करावी. मग प्रत्येक प्रतिमेला गाव, वही, वर्ष आणि पान सांगणारे नाव देणे. तिच्या तीन प्रती करणे, दोन निराळ्या साधनांवर, त्यांपैकी एक दुसऱ्या गावी. आणि प्रतिमा बदलली वा बिघडली तर ओळखू यावी म्हणून तिचा संगणकीय ठसा घेऊन दरवर्षी पडताळणे. शेवटचे दोन दिवस माणसांसाठी ठेवावेत. गोसीखुर्द प्रकल्पाची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ रोजी झाली. त्यापायी उठलेल्या गावांची आठवण ज्यांच्याजवळ आहे ते आता म्हातारे झाले आहेत. चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या मँगनीज खाणींत राबलेले, विड्या वळलेले, भंडाऱ्याची पितळी भांडी घडविलेले हात थकले आहेत. त्यांना प्रश्न कसा विचारावा, मध्येच कसे न बोलावे, परवानगी कशी घ्यावी आणि ऐकलेले कसे उतरवून ठेवावे, हेही शिकावे लागते.

या वर्गातून विद्वान निघणार नाहीत. तशी अपेक्षाही नाही. प्रत्येक धर्मग्रामात आणि प्रत्येक मोठ्या गावात एक असा माणूस निघावा की ज्याला विचारले असता तो सांगू शकेल: अमुक वही आहे, अमुक वर्षांची आहे, अमुक ठिकाणी तिची दुसरी प्रत आहे आणि ती मला वाचता येते. एवढी चार वाक्ये बोलणारा माणूस जेथे आहे, तेथे स्कॅनर जरूर घ्यावा. जेथे नाही, तेथे त्या पैशांत आधी माणूस शिकवावा.

धर्मग्रामातील कुटुंबांनाही येथे एक कर्तव्य आहे. पुढच्या वेळी बिशप किंवा त्यांचे प्रतिनिधी धर्मग्रामाच्या भेटीस येतील, तेव्हा स्वागताची कमान, हारतुरे आणि सांस्कृतिक कार्यक्रम यांच्या जोडीला धर्मग्राम समितीने नम्रपणे एक गोष्ट मागावी: धर्मसंहितेने सांगितलेली ती यादी, दोन प्रतींतली. यादी असेल तर ती सर्वांसमक्ष पाहिली जावी. नसेल, तर ती कोण करणार आणि त्याला कोण शिकविणार, हे त्याच बैठकीत ठरावे आणि इतिवृत्तात लिहिले जावे. इतिवृत्ताची ती वहीसुद्धा नीट जपून ठेवावी. शंभर वर्षांनी कोणाला तरी तिची गरज पडणार आहे.